मस्काचं वजन

पशुवैद्य डॉक्टर शायमा मुकादम यांनी पिल्लाच्या छातीवरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हीपण हात फिरवून बघा. बरगड्या लागतायत?"

गिरजाबाईंनी हात फिरवला. मऊ, सैल कातडीखाली बारीक हाडांची रांग बोटांना लागली.

"लागायल्यात की हो," त्या काळजीने म्हणाल्या.

"मस्त! अशाच लागल्या पाहिजेत. दिसायला नकोत, पण हाताला लागायला हव्यात. शेवटपर्यंत."

ताप आला तर उत्तम, असं कुणी डॉक्टरने म्हणावं, तसं गिरजाबाईंना वाटलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. अक्षता मोबाइलवर सगळं टिपून घेत होती. आजपासून जंतांचं औषध. लसी पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर सोडायचं नाही, कारण दुसऱ्या कुत्र्याची घाण नुसती हुंगली तरी पिल्लाला रोग लागतो. पिल्लांसाठी मिळणारे दाणे दिवसातून चार वेळा, मापाने; थोडा मोठा झाला की तीनदा, मग दोनदा.

"आणि वरून काही नाही," डॉक्टर आता गिरजाबाईंकडे वळून बोलल्या, कारण दिवसभर घरी त्याच असणार हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "दूध नाही, टॉनिक नाही, कॅल्शियम तर अजिबात नाही. या दाण्यांत सगळं मोजून घातलेलं असतं. लॅब्रॅडॉर मोठ्या अंगाची जात. त्याला घाईने वाढवायचं नाही, हळूहळू वाढू द्यायचं. वजन पुढे आणि हाडं मागे राहिली की सगळं बिघडतं."

"बरं," गिरजाबाई म्हणाल्या आणि पिल्लाला पदरात घेऊन बाहेर आल्या. रिक्षात बसेपर्यंत पिल्लू झोपलं होतं.

कुत्रा आणायचा हट्ट अक्षताचा. तिचं लहानपण कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत गेलं. तिथे कुत्र्याचं नाव काढलं की वडील म्हणायचे, आधी माणसांना पाय पसरायला जागा होऊ दे. आता खारघरला सुगतचा आणि तिचा फ्लॅट झाला, लग्नाला चार वर्षं झाली, मूल इतक्यात नको असं दोघांनी ठरवलं, आणि एका रविवारी ती हे लोण्याच्या रंगाचं पिल्लू घेऊन आली. नाव ठेवलं मस्का.

"लेकराचं नाव आसं ठेवतेत का?" गिरजाबाई म्हणाल्या होत्या.

"आई, कुत्रा आहे तो," सुगत म्हणाला.

"मग काय झालं? हाका तर मलाच मारायच्यात की दिवसभर."

गिरजाबाई वाव्हळे जिंतूरजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. सगळी हयात त्यांनी लहान मुलांची वजनं घेण्यात काढली. आढ्याला टांगलेल्या काट्यात रडतं मूल बसवायचं, काटा स्थिर होईपर्यंत त्याच्याशी काहीबाही बोलायचं आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका हिरव्यात पडला की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं. लाल पट्ट्यातल्या मुलांच्या घरी त्या सकाळ-संध्याकाळ जायच्या. आईच्या हातातून घास काढून घेऊन स्वतः भरवायच्या. डाळीत तेल जास्त घाल, अंडं दे, शेंगदाण्याचा लाडू खिशात ठेव. शेतावर जाणाऱ्या बायका वैतागून म्हणायच्या, "बाई, तुमचंच लेकरू हाय का ते?" गिरजाबाईंच्या लेखी दिसणारी बरगडी ही त्यांच्या कामावरची पावती होती, आणि ती वाईट पावती होती.

एक मूल मात्र त्यांच्या हातून निसटलं होतं. गावातल्या जोतीरामची धाकटी मुलगी. तिचं वजन तक्त्यावर बरोबर यायचं, म्हणून गिरजाबाई निश्चिंत राहिल्या. पोरीच्या पायांकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा पाय धनुकलीसारखे वाकले होते. परभणीच्या डॉक्टरांनी मुडदूस सांगितला, कॅल्शियम कमी पडून हाडं वाकण्याचा आजार. औषधं झाली, पोरगी पुढे मोठी झाली, लग्न होऊन सेलूला गेली, पण चालते अजून बदकासारखी. जोतीराम कधी एका शब्दाने बोलला नाही. भेटला की उलट हात जोडायचा.

निवृत्त झाल्यावर, नवराही गेल्यावर, सुगत त्यांना खारघरला घेऊन आला. नवव्या मजल्यावरच्या त्या घरात त्यांना करायला काहीच नव्हतं. पोळ्यांना बाई, भांड्यांना बाई. समोर टेकड्या दिसायच्या, खाली मेट्रोचे खांब. दुपारी त्या सोफ्यावर सरळ बसून राहायच्या, एखाद्या कार्यालयात साहेबाची वाट बघत बसल्यासारख्या.

मस्का आला आणि त्यांच्या हाताला काम मिळालं.

सांगायला हवं की त्यांनी ते काम चोख केलं. लसींच्या तारखा अक्षताच्या मोबाइलच्या आधी त्यांना आठवायच्या. शी-शू शिकवायला त्यांना फार दिवस लागले नाहीत; उठला की, खाल्लं की, खेळून थांबला की उचलून बाल्कनीतल्या कागदावर नेऊन उभा करायचा आणि केलं की पाठ थोपटायची. गोचीड शोधायला त्या रोज दुपारी चष्मा लावून त्याच्या कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत बघायच्या. दात शिवशिवायला लागले तेव्हा फडक्याला गाठ मारून, भिजवून, फ्रीजमध्ये कडक करून चावायला द्यायच्या. दात घासायचा ब्रश बघून मात्र त्या इतक्या हसल्या की सुगत आतल्या खोलीतून बाहेर आला. पण घासलेही त्यांनीच. कुकरची शिट्टी, ड्रिल मशीन, लिफ्टचा दरवाजा या सगळ्याची भीती त्यांनीच त्याला मांडीवर घेऊन घालवली.

दुधाचे दात पडू लागले त्या सुमाराला एका दुपारी मस्का फरशीवरून धावत आला आणि त्यांच्यापुढे थांबला. त्याचे पुढचे पाय मनगटापाशी किंचित बाहेरच्या अंगाला कललेले त्यांना दिसले. पंजे फाकलेले. त्या वयात पिल्लांचे पाय जरा सैल दिसतातच, पुढे आपोआप सावरतात. पण गिरजाबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना जे ठाऊक होतं ते वेगळं होतं. त्या खाली बसल्या, दोन्ही पाय हातात घेऊन बघत राहिल्या, आणि त्यांना जोतीरामची पोरगी दिसली.

डॉक्टरांना फोन करावा असं त्यांच्या मनात आलं. पण डॉक्टर काय म्हणणार हे त्यांना माहीत होतं. वजन बरोबर आहे, असंच म्हणणार. त्या पोरीच्या वेळी त्या स्वतःही असंच म्हणाल्या होत्या.

त्यांनी आमलेटसाठी फोडलेल्या अंड्यांची टरफलं धुऊन, तव्यावर भाजून, मिक्सरमधून काढली. ती पूड कॉफीच्या रिकाम्या बरणीत भरून डाळींच्या डब्यांमागे ठेवली. दुपारी सून आणि मुलगा कामावर असताना वाटीभर दुधात चमचाभर पूड. काही दिवसांनी त्यात स्वतःची कॅल्शियमची गोळी कुटून घातली. ती गोळी त्यांच्या गुडघ्यांसाठी होती. आपल्या हाडांचं आता काय व्हायचंय, ह्याची तर सगळी जिंदगी उभी आहे, असा त्यांचा सरळ हिशोब. मग नुसत्या दुधाने काय होतं, म्हणून उकडलेलं अंडं. मग तूप लावलेली पोळी. दाण्यांचं माप त्यांनी कधी चुकवलं नाही. ते अक्षता सकाळी काढून ठेवायची तेवढंच. वरचं सगळं वरचं.

मस्का बघता बघता भरला. मान जाड झाली, पाठ पाटासारखी रुंद. लिफ्टमध्ये लोक सरकून जागा द्यायचे. समोरच्या फ्लॅटमधल्या राजश्रीताई म्हणाल्या, "काय तब्येत आहे हो! आमचा नातू बघा, नुसता काडी. गिरजाबाई, त्यालापण पाठवू का तुमच्याकडे?"

गिरजाबाईंनी त्या दिवशी मस्काच्या छातीवरून हात फिरवला. बरगडी लागली नाही. कितीतरी वर्षांनी त्यांना जेवण गोड लागलं.

डॉक्टर शायमांनी मात्र वजनाच्या काट्याकडे बघून ओठ दुमडले. "अक्षता, वयाच्या मानाने जास्त आहे. वरून काही देता?"

"नाही मॅडम. मापानेच देते. माप तुम्ही दिलेलंच आहे."

"नक्की?"

"आई असतात दिवसभर, पण त्या तर तुमच्याहून कडक आहेत," अक्षता हसून म्हणाली. "शेजारच्यांना बिस्कीटसुद्धा देऊ देत नाहीत."

हे खरं होतं. बाहेरच्या हातचं गिरजाबाई त्याला खाऊ देत नसत. शेजारीच उभ्या असलेल्या त्या भिंतीवरचा मांजरांच्या जातींचा तक्ता वाचू लागल्या.

"दाणे थोडे कमी करू," डॉक्टर म्हणाल्या. "आणि व्यायाम बघा. पण बेताने."

अक्षताचा स्वभाव असा, की बेताने हा शब्द तिला ऐकू यायचा नाही. चूक आपली आहे असं एकदा वाटलं की ती दुरुस्तीला दुप्पट जोराने लागायची. ती पहाटे उठून मस्काला टेकडीच्या रस्त्यावर न्यायला लागली. आधी चालत, मग धावत. दोघं घामेघूम, लाळ गाळत परत यायचे. ऑफिसला निघताना ती सासूला म्हणायची, "आई, आज एकदाही थांबला नाही!" मागे लागून धावणारा मस्का, पुढे धावणारा मस्का, असे व्हिडिओ ती सुगतला पाठवायची. दुपारी गिरजाबाई त्याचे पाय चेपायच्या आणि दमलंय लेकरू म्हणून पोळी एकाच्या दोन द्यायच्या.

पावसाळा सरता सरता मस्का लंगडायला लागला. सकाळी उठताना पुढचा डावा पाय टेकवेना. थोडं चाललं की सुटायचा, संध्याकाळी पुन्हा आखडायचा. मग दोन्ही पाय. एक दिवस लिफ्टच्या दारातून आत यायला त्याने नकार दिला आणि तिथेच बसला. सुगतने त्याला उचललं, तो कण्हला, आणि सुगत बायकोवर ओरडला. लिफ्ट धरून उभ्या असलेल्या माणसांसमोर ओरडला.

"किती पळवलंस त्याला! डॉक्टरांनी बेताने सांगितलं होतं ना? तुला प्रत्येक गोष्टीत मेडल पाहिजे!"

एक्स-रे झाला. कोपराचे सांधे नीट बसले नव्हते, हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला इजा होती. डॉक्टर शायमांनी फोटो दिव्यासमोर धरून समजावलं. थोडं रक्तातून आलेलं असू शकतं. वाढत्या वयातलं जास्त वजन. कडक रस्त्यावरची धावपळ. कधी कधी वाढीच्या काळात कॅल्शियम जास्त गेलं तरी हाडं अशी वागतात.

"पण ते तुम्ही देत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," अक्षता म्हणाली.

गिरजाबाई मस्काचं डोकं धरून उभ्या होत्या. बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि त्यांचं तोंड उघडलं नाही. एवढंच झालं. नंतर त्यांनी पुष्कळदा स्वतःला सांगितलं की तेव्हाच सांगणार होते, पण तेवढ्यात सुगत म्हणाला, "म्हणजे रनिंगमुळेच ना, डॉक्टर?" आणि डॉक्टर म्हणाल्या, "एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही," आणि सुगतने त्यातलं हवं तेवढं ऐकलं.

त्या दिवशी घरी आल्यावर बरणी रिकामी झाली. पूड कचऱ्याच्या पिशवीत गेली, बरणी घासून उपडी ठेवली गेली. फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून अक्षताने सगळ्या घरभर रबरी पट्ट्या अंथरल्या. दुखण्याचं औषध वेळेवर, दाणे कमी कॅलरीचे, फिरणं फक्त गवतावर, तेही थोडंसं. वजन उतरलं की सांध्यांवरचा भार उतरेल. मग कदाचित ऑपरेशन टळेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

वजन उतरलं नाही.

कारण साधं होतं. दुपारी मस्का उठायचा, दोन पावलं टाकायचा आणि खाली बसायचा. गिरजाबाईंच्या जिवाचं पाणी व्हायचं. हे आपण केलं. हे आपण केलं म्हणून त्याच्याशेजारी रबरी पट्टीवर बसायचं, त्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने पोळीचा तुकडा पुढे करायचा. दुसरं काही द्यायला त्यांच्याजवळ नव्हतं. त्यांना माफी मागायची एवढी एकच रीत येत होती.

घरात बोलणं कमी झालं. सुगत मस्काशी लाडाने बोलायचा आणि बायकोशी भाजीवाल्याशी बोलावं तसं. "औषध दिलंस?" "पट्टी सरकलीय." अक्षता धावायचे बूट कपाटावर टाकून मोकळी झाली. मोबाइलमधले व्हिडिओ तिने पुसले. गिरजाबाईंच्या शेजारी बसूनच पुसले, एकेक करून, न बघता. ती आत गेली की बाथरूमचा नळ बराच वेळ नुसता वाहत राहायचा. पाणी वाया घालवणाऱ्यातली ती नव्हती.

पुढच्या तपासणीला वजन तेवढंच निघालं, उलट किंचित वर. डॉक्टरांनी थायरॉइडची शंका काढून रक्त घेतलं. रिपोर्ट शनिवारी मिळणार होता. शुक्रवारी जेवताना अक्षता म्हणाली, "मी मस्काला शायनीकडे द्यायचं म्हणतेय. नागावला."

"कुणाकडे?" गिरजाबाईंनी विचारलं.

"माझी मैत्रीण. अलिबागजवळ तिचं बैठं घर आहे. अंगण, माती, आधीची कुत्री आहेत. लिफ्ट नको, फरशी नको." ती भात नुसता चिवडत होती. "आणि मी नको. माझ्या हाताला हे जमत नाही आई. मी एवढं मोजूनमापून करते आणि त्याचं वाईटच होतं. मलाच कळत नाही मी काय करते."

"विचार कर," सुगत म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

गिरजाबाईंचा घास तोंडात फिरत राहिला. मस्का टेबलाखाली त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पडला होता. तो गेला तर गुन्हाही घरातून जाईल, कुणाला कधी कळणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. तो विचार आला म्हणून त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली, की त्या अर्ध्या जेवणावरून उठल्या.

शनिवारी दवाखान्यात डॉक्टर शायमा म्हणाल्या, "थायरॉइड नॉर्मल आहे. मग वजन का उतरत नाही, हे मला खरंच कळत नाही. अक्षता, आता—"

"मी घालते," गिरजाबाई म्हणाल्या.

तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्याला. वरून. मी घालते. पोळी, तूप. अंडं. दूध." त्या टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होत्या. "आन् आधी टरफलाची पूड घालत होते. दात पडायले तवापासून. माझ्या गोळ्याबी. फोटो काढला त्या दिवशी पूड, गोळ्या बंद केल्या. पोळी नाही झाली बंद."

"कॅल्शियमच्या गोळ्या? व्हिटॅमिन डी-थ्री असलेल्या?"

"व्हय."

डॉक्टरांनी भराभर प्रश्न विचारले. किती, रोज का, किती महिने, पाणी जास्त पितो का, लघवी जास्त करतो का. गिरजाबाईंनी सगळी उत्तरं दिली, सेविकेने पर्यवेक्षकाला द्यावीत तशी. डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं, मूत्रपिंडं बघायला हवीत म्हणाल्या. शेवटी मास्क खाली ओढून त्या म्हणाल्या, "मावशी, एक्स-रेच्या दिवशी मी कॅल्शियमचा विषय काढला होता. तेव्हाच सांगितलं असतंत तर हे दोन महिने फुकट गेले नसते. या वयातला एकेक आठवडा महत्त्वाचा असतो. सांधे जे बिघडलेत ते तसेच राहणार. आता फक्त आणखी बिघडू द्यायचे नाहीत. आजपासून मला एक तुकडासुद्धा चालणार नाही."

"न्हाई देणार."

परत येताना सुगत गाडी चालवत होता, गिरजाबाई पुढे, अक्षता मागे मस्काचं डोकं मांडीवर घेऊन. उत्सव चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली आणि सुगत हसायला लागला. दोन महिन्यांनी त्याचा चेहरा सैल झाला होता.

"आई, तू पण ना! टरफलाची पूड! अंगणवाडी काढलीस घरात." त्याने आईच्या हातावर थोपटलं. "जाऊ दे, टेन्शन नको घेऊ. प्रेमानेच केलंस ना."

मागून अक्षता म्हणाली, "मी कशाने केलं होतं?"

सिग्नल सुटला. सुगतने गाडी काढली.

"मी त्याला पळवलं ते कशाने पळवलं, सुगत? त्याच्यावर राग होता माझा?"

"अगं, तसं नाही—"

"माझ्या वेळी नाही हसलास."

गिरजाबाईंनी इतके दिवस जी भीती बाळगली होती ती मुलाच्या रागाची होती. तो राग आलाच नाही. आपल्याला एवढं स्वस्तात सोडलं जाईल हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आपलं सुटणं कुणाच्या अंगावर पडतंय हे त्यांना आत्ता मागच्या सीटवरून ऐकू आलं.

"हासू नको," त्या मुलाला म्हणाल्या. "लिफ्टपाशी तिला जे बोललास, ते मला बोल."

"काहीपण काय, आई."

"बोल की. मेडल पाहिजे म्हणलास ना तिला? मी तर चोरून केलंय."

"आईला कसं बोलणार मी?"

"मग तिला कसं बोललास?"

सुगतने आरसा नीट केला, जो नीटच होता. "घरी गेल्यावर बघू," तो म्हणाला. घरी गेल्यावर तो बायकोला सॉरी म्हणाला, बूट काढता काढता. अक्षताने ठीक आहे म्हटलं. नागावला फोन करून नको म्हणून कळवलं.

सासूला ती काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. "आई, चहा ठेवू?" "आई, तुमच्या गोळ्या संपत आल्यात का?" सगळं पूर्वीसारखं, फक्त सपाट. गिरजाबाईंनी एकदा गॅसपाशी तिला गाठलं. "अक्षता, माझं चुकलं गं. तुझ्यावर आलं तवा बी मी गप बसले." ती म्हणाली, "झालं ते झालं, आई," आणि कुकरचं झाकण लावलं.

मूत्रपिंडं शाबूत निघाली. वजन उतरू लागलं. मस्का वर्षाचा झाला, पूर्ण वाढीचा कुत्रा झाला. सकाळी उठताना पुढचे पाय जड, मग दहा-वीस पावलांनी मोकळे. हे कायमचं, डॉक्टर म्हणाल्या. आता अक्षता पुन्हा एकटी टेकडीवर धावायला जाऊ लागली आणि तेवढ्या वेळात गिरजाबाई मस्काला खाली हिरवळीवर हळूहळू फिरवायच्या. लोक विचारायचे, काय झालं याला? सुरुवातीला त्या म्हणायच्या, "उपजत हाय." मग एक दिवस त्यांनी सांगितलं, "मी लई खाऊ घातलं." विचारणाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, किती माया!" गिरजाबाई पट्टा धरून तशाच उभ्या राहिल्या. कुणीच त्यांना रागवायला तयार नव्हतं.

दुपारी घरात तो आणि त्या. तो त्यांच्याकडे एकटक बघायचा. त्या उठून बाल्कनीत जायच्या आणि काचेचं दार लोटून घ्यायच्या. आतून तो काचेला नाक लावायचा. त्या टेकड्यांकडे बघायच्या.

मग तो रविवार आला. सुगत टीव्हीसमोर बसून मटण-भाकरी खात होता. मध्येच ऑफिसचा फोन आला, तो ताट टीपॉयवर ठेवून बाल्कनीत गेला. मस्काने भाकरी उचलली, रस्सा चाटला, हाड तोंडात धरलं. गिरजाबाई आतून धावत आल्या. एका हाताने त्यांनी हाड ओढून काढलं, दुसऱ्या हातात ताट घेतलं, आणि त्याच क्षणी अक्षता अंघोळ करून बाहेर आली. तिला दिसलं ते एवढंच: सासूच्या एका हातात ताट, दुसऱ्या हातात मटणाचं हाड, आणि पुढ्यात जिभल्या चाटणारा मस्का.

"आई!"

असा आवाज त्या घरात गिरजाबाईंनी ऐकला नव्हता.

"किती वेळा सांगायचं? किती वेळा? तुम्हाला कळत नाही की तुम्हाला कळून घ्यायचं नाही? तो चालतो कसा ते दिसत नाही तुम्हाला? रोज सकाळी तो उठताना मी दाराआड उभी राहते, पाय टेकवेपर्यंत श्वास घेत नाही मी!" तिच्या केसांतून पाणी गळत होतं. "दोन महिने! दोन महिने मी स्वतःला खात होते आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून बघत होता. मी व्हिडिओ पुसले तेव्हा बघत होता! एक शब्द, आई. एक शब्द नाही बोललात!"

बाल्कनीच्या काचेपलीकडे सुगत पाठमोरा उभा राहून हिंदीत कुणाला तरी डेडलाइन समजावत होता. ताट माझं नाही, त्याचं आहे, एवढं सांगायला गिरजाबाईंना काहीच लागलं नसतं. हाड मी काढून घेत होते, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं.

त्यांनी ताट तसंच धरून ठेवलं. हाताला रस्सा ओघळत कोपरापर्यंत आला होता.

"बोला ना काहीतरी!" अक्षता म्हणाली.

"तूच बोल," गिरजाबाई म्हणाल्या. "आजून बोल."

आणि अक्षता बोलली. लिफ्टचं बोलली, नागावचं बोलली, नवऱ्याचं बोलली, बोलता बोलता रडली आणि रडता रडता पुन्हा रागावली. गिरजाबाई ताट धरून उभ्या होत्या आणि प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. मस्का दोघींच्या मध्ये, आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे बघत, पुढचे पाय जपून मुडपत खाली बसला.